लेहरा धरणारी माणसे

वऱ्हाडात येणारा प्रवासी बहुधा डोळ्यांनी प्रवास करितो. चिखलदऱ्याचे कडे, गाविलगडाचे बुरूज, बाळापूरची छत्री आणि अमरावतीची अंबादेवी एवढे पाहून झाले म्हणजे वऱ्हाड पाहिला, असे समजून तो परत फिरतो. ह्या खेपेस आम्ही अकोला व अमरावती ही दोन शहरे कानांनी पाहावयाचे ठरविले. आमच्या शोधाचा विषय वाचकांस थोडा चमत्कारिक वाटेल. कीर्तन, लावणी किंवा नाट्यगीत ह्यांच्या मागे आम्ही नव्हतो. चोर-पोलिसांच्या गोष्टींत, मोटारीमागे मोटार लागली असता, किंवा अंधाऱ्या जिन्यावर कोणाचे तरी पाऊल वाजले असता जे संगीत वाजते, त्याच्या मागे आम्ही निघालो होतो. हे संगीत रेडिओ, बोलपट आणि दूरचित्रवाणी ह्या तीन वाटांनी वऱ्हाडातील घराघरांत शिरले. दोन-तीन पिढ्यांच्या अंगावर त्याने काटा आणला. आणि ते कोणी केले हे मात्र कोणी विचारले नाही.

आरंभ अकोल्यापासून केला. मोर्णेच्या काठच्या जुन्या वस्तीत आमच्या आत्याबाईंचे घर आहे. एके काळी त्या घरात सतरा माणसे एका वेळी पंक्तीस बसत. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले व त्याचा आवाज वऱ्हाडभर ऐकू येऊ लागला. पुढे १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला, तो मुंबई, पुणे व नागपूर ह्या केंद्रांवरून. जाहिरातींच्या पैशावर कथामालिका निघाल्या व त्यांतच ‘इन्स्पेक्टर ईगल’सारख्या गुप्तपोलिसी गोष्टीही आल्या. पदरी एकच रेडिओ, तोही ओसरीवर. त्यामुळे खून झाला तर तो साऱ्या घराच्या साक्षीने होई.

दूरचित्रवाणीचे आगमन त्यानंतरचे. १९८४ साली देशभर लहान शक्तीचे प्रक्षेपक एकामागून एक उभे राहिले व लहान शहरांतील छपरांवर सांगाडे दिसू लागले. हे प्रक्षेपक प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवीत. सबब मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांआधी वऱ्हाडी घरांची ओळख झाली ती हिंदी मालिकांशी. १९८५ साली गाजरे खाणारा ‘करमचंद’ आला व १९९३ साली धोतर नेसणारा ‘ब्योमकेश बक्षी’ आला. बंगाली भद्र पुरुष शांतपणे खुनाचा छडा लावतो, हे आमच्या वडीलधाऱ्यांस फार पसंत पडले. कारण त्यात आरडाओरड नव्हती.

आत्याबाई तूरडाळ निवडीत बसल्या होत्या. आम्ही विचारले, "आत्याबाई, ब्योमकेशच्या सुरुवातीचे ते वाद्य आठवते का तुम्हांला?" त्यांनी मान वर न करिता सगळी धून गुणगुणून दाखविली, एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

"आणि ते केले कोणी होते?"

"ते रे कोण सांगणार आम्हाला? पाट्या भराभर पळायच्या. आणि तेवढ्यात दूध उतू गेलं का ते बघायला मला आत जावं लागायचं!"

ती धून आनंद शंकर ह्यांची. नर्तक उदय शंकर व अमला शंकर ह्यांचे हे चिरंजीव, रविशंकरांचे पुतणे. सतारीस विजेच्या वाद्यांची व पाश्चात्त्य ढोलांची जोड देण्याचा प्रयोग त्यांनी १९७० सालापासून केला. १९७५ सालची त्यांची तबकडी पुढे वीस वर्षांनी लंडनच्या नृत्यगृहांतील तरुणांनी शोधून काढली. त्या तरुणांस आनंद शंकर हे नाव ठाऊक होते. अकोल्याच्या ज्या घरात त्यांची धून कोणाला तीस वर्षांनंतरही तोंडपाठ आहे, तेथे ते नाव कधी पोहोचलेच नाही. आकाशवाणीची सकाळची धून घ्या. ती कानी पडताच जुन्या माणसांस चहाचा वास येतो. ती बांधणारे वॉल्टर कॉफमन हे मध्य युरोपातून मुंबईस आश्रयार्थ आलेले यहुदी संगीतज्ञ होते, हे किती घरांत माहीत असेल?

आता ह्या जातीच्या संगीताचे मूळ पाहू. मूकपटांच्या काळी पडद्यापुढे बसून वादक प्रसंगानुसार वाजवीत. रोज नवा चित्रपट व रोज नवे सूर हे जमावे कसे? म्हणून तयार तुकड्यांचे संग्रह छापले जाऊ लागले. ज्युसेप्पे बेचे ह्यांचा असा संग्रह १९१९ साली बर्लिनमध्ये निघाला. १९२४ साली एर्नो रापे ह्यांनी अमेरिकेत एक जाडजूड ग्रंथ काढिला. त्यात बावन्न भाव व प्रसंग सांगितले असून, वाजविता वाजविता पान चटकन सापडावे म्हणून त्यांची सूची पानाच्या समासातच छापलेली असे. आमच्या भरतमुनींनी आठ रसांत जग बसविले, नववा मागाहून आला. ह्या गृहस्थांस बावन्न लागले, कारण त्यांत आगगाडीही होती.

बोलपट आल्यावर तेच तुकडे तबकड्यांवर गेले. लंडनमधील ‘डी वुल्फ’ ही पेढी १९०९ सालची, ‘के. पी. एम.’ ह्या पेढीच्या एकसारख्या हिरवट वेष्टनाच्या तबकड्या १९६० नंतरच्या दशकात निघू लागल्या. ह्या तबकड्या बाजारात विकावयाच्या नसत. चित्रपट व मालिका करणाऱ्यांस त्या दिल्या जात आणि जेवढे सेकंद वापरावे तेवढे शुल्क घेतले जाई. पाठीमागे लिहिलेले असे, ‘पाठलाग’, ‘संशय’, ‘रात्रीचे शहर’. रचनाकारास गोष्ट ठाऊक नसे, पात्रे ठाऊक नसत. न जन्मलेल्या बाळासाठी अंगडे शिवावे तसे तो संगीत शिवून ठेवी. लंडनची ‘द स्वीनी’ ही पोलिसी मालिका १९७५ ते १९७८ ह्या काळात चालली. तिची नांदीची धून हॅरी साउथ ह्यांनी मुद्दाम बांधली. पण आतील धावपळीचे कित्येक तुकडे अशा साठ्यातूनच उचललेले होते. गंमत अशी की, तेथील वादकसंघाचा ह्या प्रकारास विरोध होता. एकदा मुद्रित केलेला तुकडा शंभर वेळा वाजला तर नव्व्याण्णव वेळा वादकाची मजुरी बुडाली, असा त्यांचा हिशेब. आणि तो खोटा म्हणवत नाही. म्हणून पेढ्यांनी आपले रचनाकार कलोन, म्युनिक, ब्रुसेल्स अशा शहरी पाठवून तेथील वादकांकडून काम करून घेतले. सारांश, तुकडा इंग्रजाचा, वादन जर्मनाचे, व पाठलाग लंडनच्या गल्लीतला!

त्या काळच्या पाठलागाच्या संगीतास ‘फंक’ म्हणतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी, विशेषतः जेम्स ब्राउन ह्यांच्या वाद्यवृंदाने, १९६० नंतरच्या दशकात ते रूढ केले. नाव परके असले तरी त्याचे मर्म आमच्या तबल्याच्या बैठकीत बसलेल्या माणसास एका वाक्यात सांगता येते: सगळा जोर समेवर. चार मात्रांचे आवर्तन, पहिलीवर सर्वांनी एकदम आघात करावयाचा, आणि मधल्या जागेत प्रत्येकाने आपापले बारीक बोल भरावयाचे. त्यात एक गिटार असते. पायाखालच्या पट्टीने तिचा आवाज उघडत-मिटत असल्यामुळे ती जणू लहान मुलासारखी कुरकुरते. खालच्या पट्टीतील गिटार एकच लहान ओळ पुन्हा पुन्हा वाजविते. ही ओळ पुढे जात नाही, रंगत नाही, संपत नाही. तिने फक्त चालू राहावयाचे असते.

हे वाचून आमच्या संगीतप्रेमी वाचकांस लेहरा आठवला असेल. एकल तबलावादन चालले असता पेटीवाला एकच ओळ तासभर धरून बसतो. त्याने हरकत घेतली तर तबलजी डोळे वटारील. लय ढळली तर मैफल मोडेल. श्रोत्यांचे लक्ष तबल्याकडे, टाळ्या तबल्यास, आणि घरी गेल्यावर पेटीवर कोण होते हे कोणास आठवत नाही. पाठलागाच्या दृश्यातील संगीत हा मोटारींच्या तबल्यास धरलेला लेहराच होय. ह्या साम्यामुळे आम्हांस एक गोष्ट पटली. ह्या कलेत वादकाने मागे राहणे हा त्याचा दोष नाही, ते त्याचे काम आहे. परंतु मैफलीपुरते मागे राहणे निराळे आणि कायमचे पुसले जाणे निराळे.

ह्याच अकोल्यात १९५१ साली आनंद मोडक ह्यांचा जन्म झाला. पुढे ते पुण्यास गेले, बँक ऑफ महाराष्ट्रात नोकरी करीत राहिले आणि नोकरी सांभाळून नाटक-चित्रपटांस संगीत देत राहिले. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ ह्या १९७४ सालच्या नाटकात मृत्यूची गोष्ट कीर्तनाच्या ढंगाने सांगितली आहे. त्याचे संगीत मोडकांचे. रँडच्या वधावरील ‘२२ जून १८९७’ हा १९७९ सालचा चित्रपट. त्याचेही संगीत त्यांचेच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे नाटक म्हणजे १९७८ सालचे ‘तीन पैशाचा तमाशा’. १९२८ साली ब्रेश्ट व कुर्ट वाइल ह्यांनी बर्लिनमध्ये गुन्हेगारांची एक संगीतिका केली होती. तिच्यातील खुनी नायकाचे गीत पुढे अमेरिकेतील जाझवादकांनी आपलेसे केले. गुन्ह्याची गोष्ट व जाझचा ठेका ह्यांची सोयरीक जुळविणाऱ्या गीतांत त्याचे स्थान मोठे आहे. ती संगीतिका पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणिली, जब्बार पटेलांनी बसविली, आणि तिला भास्कर चंदावरकर, नंदू भेंडे व आनंद मोडक ह्या तिघांनी संगीत दिले. तमाशाचा ढंग, नाट्यपद आणि विजेच्या गिटारीचे पाश्चात्त्य गाणे ही तिन्ही एका रंगमंचावर नांदली. अकोल्याच्या मुलाने घरफोड्यांच्या गोष्टीसाठी साठ्यातून तयार कपडा आणला नाही. माप घेऊन शिवला. नंदू भेंडे व आनंद मोडक हे दोघेही २०१४ साली, एप्रिल व मे ह्या लागोपाठच्या महिन्यांत वारले.

अकोल्याहून आगगाडीने पूर्वेस निघाले म्हणजे सुमारे पाऊण तासात मूर्तिजापूर येते. दोन्ही बाजूंस काळी जमीन, तूर आणि कपाशी. येथूनच अचलपूर व यवतमाळ ह्या दोन दिशांस ‘शकुंतला’ नावाची लहान गाडी धावे. गेली काही वर्षे ती बंद आहे. तिच्या चाकांचा ठेका ज्यांनी ऐकिला त्यांस फंक समजावून सांगण्याची गरज नव्हती! ह्या मूर्तिजापूरचे दुसरे भूषण म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे, १९२० साली त्यांचा जन्म येथे झाला. वसंतरावांच्या मैफलींत पेटीच्या साथीला कधी कधी स्वतः पु. ल. बसत. पेटीवाल्याचे नाव सर्व महाराष्ट्रास ठाऊक असल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. आणि तेही पेटीमुळे नव्हे, लेखणीमुळे.

बडनेऱ्यास गाडी बदलून आम्ही अमरावतीस पोहोचलो. ह्या शहराचा नकाशाच मुळी बोलपटांनी काढिला आहे. चित्रा चौक, प्रभात चौक ही नावे चित्रपटगृहांची. ह्याचे कारण व्यापारात आहे. चित्रपटाच्या धंद्यात देशाचे जे विभाग पाडलेले आहेत त्यांत ‘सी. पी. बेरार’ हा एक विभाग असून अमरावती हे त्याचे एक मोठे ठाणे होते. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, नंतर महाराष्ट्रात आला. इंग्रजांनी घातलेले प्रांताचे नाव सरकारी कागदांतून गेले, पण चित्रपटाच्या वहीखात्यांत ते अद्याप जिवंत आहे. मुंबईहून आलेली रिळे पत्र्याच्या पेट्यांतून येथे उतरत आणि येथून मोटारीने तालुक्या-तालुक्यांच्या टॉकीजांत व जत्रेतील तंबूंत जात. रिळाच्या कडेला आवाजाची एक बारीक रेघ असते. म्हणजे सूर पेटीत भरून वऱ्हाडभर वाटण्याचा हा कारखाना होता. मराठीत वाद्यालाही पेटीच म्हणतात आणि रिळांच्या डब्यालाही पेटीच, हे किती यथार्थ!

त्या पेट्यांतून ‘ज्वेल थीफ’ (१९६७) आला, ‘दीवार’ (१९७५) आला, ‘डॉन’ (१९७८) आला. कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’मधील एका गाण्याची व ‘अपराध’ (१९७२) मधील दुसऱ्या गाण्याची ओळ २००५ साली ब्लॅक आइड पीज ह्या अमेरिकन मंडळीने आपल्या गाण्यात घेतली व ते गाणे तिकडे फार गाजले. संगीतकारांचे नाव ह्या निमित्ताने पुन्हा पुढे आले. परंतु ती गिटार धरणाऱ्याचे काय? ते ढोल वाजविणाऱ्याचे काय?

राजकमल चौकाजवळ आम्हांस एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे आयुष्य टॉकीजच्या यंत्रघरात गेले होते. आम्ही आमचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेविला. ते क्षणभर हसले व म्हणाले, "हिरो कोन थे लोकं इचारत. गानं कोनाचं थे बी इचारत. पन मोटार मांगं लागली का जे वाजते, थे कोनाचं, असं मले उभ्या जन्मात कोनी इचारलं नाही बाप्पा. तुम्हीच पयले."

त्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार मिळू लागले आहे. केर्सी लॉर्ड ह्यांनी विजेची नवी वाद्ये हिंदी चित्रपटांत आणिली. त्यांच्या कुटुंबावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ नावाचा माहितीपट २०१२ साली निघाला. गोव्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ह्यांनी दुसऱ्यांच्या चालींस वाद्यमेळाचे अंग दिले. ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाने मुंबईतील जुन्या वादकांस गाठून त्यांच्या मुलाखतींवरून २००८ साली एक ग्रंथ लिहिला. हे काम आपण कोणी आधी केले असते तर अधिक नावे हाती लागली असती, हे कबूल केले पाहिजे. कायद्यानेही एक पाऊल टाकिले आहे. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, गीतकार व संगीतकार ह्यांचा मानधनातील वाटा कराराने काढून घेता येऊ नये अशी तरतूद झाली. वादकादी कलावंतांच्या वाट्याचाही तीत विचार झाला. पण वाटा देण्यास नाव लागते. ज्याचे नाव कोठे नोंदलेच नाही त्याचा हक्क कागदावर कितीही मोठा असला तरी तो कोणाच्या दारी पोहोचावयाचा?

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या अकोला व अमरावती येथे भरत आल्या आहेत. हौशी मंडळींच्या नाटकांत पंखामागे यंत्र घेऊन बसलेला एक मुलगा असे. खुनाच्या प्रवेशास कोणती परदेशी तबकडी, कितव्या मिनिटापासून, किती सेकंद वाजवावयाची हे त्याच्या वहीत टिपलेले असे. लंडनच्या पेढीचे काम हा मुलगा वर्गणीच्या पैशात करी. त्याने निवडलेले सूर ज्यांनी वाजविले ते वादक त्याला ठाऊक नसत, आणि तो प्रेक्षकांस ठाऊक नसे; म्हणजे विस्मरणाची ही साखळी दुहेरी होती. अशा वह्या कोणाच्या माळ्यावर अजून असतील. आता रिळांच्या पेट्या येत नाहीत, चित्रपट तारेवाचून येतो. पुष्कळ एकपडदा टॉकीजांस कुलपे लागली. आणि घरातील प्रत्येक माणूस आपापला खून आपापल्या कानात नळ्या घालून ऐकतो. सतरा माणसांनी एकदम दचकण्याचा योग आता येत नाही. त्याबरोबर, ‘ते वाद्य आठवते का?’ असे एकमेकांस विचारण्याचा प्रसंगही येत नाही. आणि जे विचारले जात नाही ते लवकर विसरले जाते.

असो. ह्या प्रवासात आम्ही देव-दर्शनही केले, अंबादेवीस ओटी भरली आणि अकोल्याच्या राजराजेश्वरासही हात जोडले. पण ती वर्णने इतरांनी केलेली आहेत. आमच्या वाचक कुटुंबांस एक विनंती मात्र करितो. दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या तबकड्या व ध्वनिफिती रद्दीत घालण्यापूर्वी वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. घरात कोणी काका-मामा बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत असतील, नाटकांस पार्श्वसंगीत देत असतील, मेळ्यात पेटी धरीत असतील, तर त्यांस जवळ बसवून कोणत्या वर्षी, कोठे, कोणाबरोबर, काय वाजविले हे एका वहीत उतरवून घ्या व त्याखाली त्यांचे पूर्ण नाव लिहा. आत्याबाईंच्या घरी आम्ही तशी वही घातली. पहिल्या पानावर त्यांनी आपल्या हाताने आनंद शंकर हे नाव लिहिले आहे, आणि दुसऱ्या पानावर त्यांच्या धाकट्या दिरांचे. ते गणेशोत्सवाच्या मेळ्यात पेटी धरीत, हे घरातील नातवंडांस त्या दिवशी प्रथमच कळले.